भावात बोला, मापात नाही

मी विमानाच्या पंखातल्या बरगड्या हलक्या करते. पंखाच्या आत पुढच्या आणि मागच्या तुळईच्या मध्ये ठरावीक अंतरावर उभे पत्रे बसवलेले असतात, त्यांना आम्ही रिब म्हणतो. पंखाचा आकार रिब धरून ठेवतात, वरच्या कातडीला वळकट्या पडू देत नाहीत, आणि बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांत त्यांच्यामधल्या पोकळीतच इंधन भरलेलं असतं. पुण्यातल्या एका ऑफिसात बसून मी या रिबचं वजन ग्रॅम-ग्रॅमने उतरवते. हत्यार एकच, संगणक. कामाचं नाव ऑप्टिमायझेशन.

बाहेरून हे काम कितीही अवघड दिसलं तरी त्याची सुरुवात तीन ओळींनी होते. पहिल्या ओळीत सांगायचं की काय कमीत कमी हवं किंवा काय जास्तीत जास्त हवं. दुसऱ्या ओळीत सांगायचं की काय बदलायची मुभा आहे. तिसऱ्या ओळीत सांगायचं की काय झालेलं अजिबात चालणार नाही. वजन कमीत कमी हवं, पत्र्याची जाडी आणि भोकांचे आकार बदलता येतील, पण अमुक भाराखाली रिब वाकता कामा नये. पहिली ओळ म्हणजे उद्दिष्ट, तिसरी म्हणजे मर्यादा. माझा सगळा दिवस या दोन ओळींमधल्या ओढाताणीत जातो, आणि माणसाने कसं वागावं या जुन्या प्रश्नाची किल्ली मला त्याच ओढाताणीत दिसते. आपल्याला हव्या असलेल्या गोष्टींपैकी कोणत्या पहिल्या ओळीत घालायच्या आणि कोणत्या तिसऱ्या? सुरक्षितता, खरेपणा, दुसऱ्याचा जीव ही आपली उद्दिष्टं आहेत की मर्यादा? दोन्हींमध्ये काय फरक पडतो?

आधी यंत्राला काय येतं ते सांगते. प्रश्न असा मांडण्याची रीत संगणकाहून फार जुनी आहे. १६८७ साली न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’मध्ये विरळ माध्यमातून जाताना सर्वांत कमी अडथळा होईल असा घन आकार कोणता, हे गणिताने काढलं, आणि जहाजं बांधताना याचा उपयोग होईल असंही सुचवलं. संगणकाने फरक पाडला तो आवाक्यात. पंखाच्या पृष्ठभागावरचे हजार बिंदू किंचित हलवले तर हवेचा अडथळा कसा बदलेल, हे पाहायला पूर्वी प्रवाहाचं गणित हजार वेळा करावं लागलं असतं. १९८८ साली अँटनी जेम्सन यांनी नियंत्रणाच्या गणितातली एक पद्धत विमानाच्या आकाराला लावून दाखवली. मूळ गणिताच्या जोडीला जवळपास तेवढंच एक उलट दिशेचं गणित केलं, की हजारही बिंदूंचं उत्तर एकदम हाती येतं. २०१७ साली डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखाचं आतलं पोट शंभर कोटींहून अधिक बारीक ठोकळ्यांत विभागलं आणि कुठे धातू ठेवायचा, कुठे पोकळी सोडायची, हे यंत्रावर सोपवलं. निघालेला सांगाडा आमच्या सरळ रेषांच्या रिबसारखा नव्हता. वळणदार, तिरप्या तुळयांचं ते जाळं पाहून पक्ष्यांच्या हाडांची आठवण येते.

अशी चित्रं पाहिली की लोक म्हणतात, यंत्राने सर्वोत्तम पंख शोधला. इथे मी थांबवते. सर्वोत्तम हे उत्तर प्रश्नाला बांधलेलं असतं. लुडविग प्रांटल हे जर्मन शास्त्रज्ञ आधुनिक वायुगतिकीचे एक जनक. पंखाची लांबी ठरलेली असेल तर उचल कशी वाटली म्हणजे उचलीपायी होणारा अडथळा सर्वांत कमी होईल, याचं उत्तर त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दिलं. ती वाटणी लंबवर्तुळासारखी असावी. पुढच्या पिढ्यांनी ते प्रमाण मानलं. १९३३ साली मात्र प्रांटल यांनी स्वतःच प्रश्न बदलला. लांबी बांधून न ठेवता पंखाच्या सांगाड्याचं वजन बांधून ठेवलं तर? उत्तर बदललं. लांबी २२ टक्क्यांनी वाढवून, टोकांकडे उचल हळूहळू विरत नेली, की त्याच उचलीला तेवढ्याच वजनाच्या सांगाड्यात हा अडथळा ११ टक्क्यांनी कमी होतो. हवा तीच, गणित तेच, गणितीही तोच. फक्त तिसरी ओळ बदलली आणि उत्तम पंख दुसराच निघाला. म्हणून कुणी मला एखादी गोष्ट सर्वोत्तम आहे असं सांगितलं, की कोणत्या मर्यादेत, हे मी आधी विचारते. विमानाबाबत विचारते, तसंच शिक्षणाबाबत, शहराबाबत, संसाराबाबतही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. माझे वडील माळकरी. फलटणला त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. गिऱ्हाईक ज्वारीच्या भावावरून हुज्जत घालायचं, आणि वडील खुशाल घालू द्यायचे. थोडं तेही उतरायचे, थोडं गिऱ्हाईक चढायचं. पण कुणी ओळखीचा व्यापारी मापात काही इकडेतिकडे करायचं सुचवू लागला, की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: “भावात बोला, मापात नाही.” एवढं बोलून ते तराजूची दांडी स्थिर व्हायची वाट बघत. मापात मारण्याने आज किती सुटतील आणि उद्या किती गिऱ्हाईक तुटेल, असा हिशेब त्यांनी कधी मांडलाच नाही. हिशेब मांडून मग प्रामाणिक राहणारा माणूस वेगळा आणि जिथे हिशेबच चालत नाही अशी एक जागा राखून ठेवणारा माणूस वेगळा. दोघांचं वागणं वर्षानुवर्षं सारखं दिसेल. फरक दिसतो तो हिशेब उलटा पडतो त्या दिवशी.

उद्दिष्ट आणि मर्यादा यांतला फरक नेमका हाच आहे. उद्दिष्टांची देवाणघेवाण होते. थोडं वजन वाढू दे, खर्च कमी होईल. थोडा वेग कमी होऊ दे, इंधन वाचेल. मर्यादा या बाजारात उतरत नाही. प्रवासी विमानाला सेवेत जे सर्वांत मोठं ओझं सोसावं लागेल असं धरलेलं असतं, त्याच्या दीडपट ओझ्याखाली त्याचा सांगाडा किमान ३ सेकंद मोडता कामा नये, असा नियम आहे. पंख दीडपटीला टिकला तर टिकला. दोनपटीला टिकला म्हणून त्याला जास्त गुण नाहीत, उलट तेवढा धातू फुकट वाहिला असं आम्ही म्हणतो. १९९५च्या जानेवारीत बोइंग ७७७चा पंख चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला, तेव्हा तो १५४ टक्क्यांना मोडला. २००६च्या फेब्रुवारीत एअरबस ए३८०चा पंख दीडपटीच्या जरासा अलीकडे, १.४५ आणि १.५ यांच्या दरम्यान मोडला. पाचशे साठ टनांचं ते विमान. दुरुस्तीला सुमारे ३० किलो धातू पुरेल, असं कंपनीने सांगितलं. जवळपास पोचलो आहोत तर सोडून द्या, असं इथे म्हणता येत नाही. त्या पंखाला बळकटी द्यावीच लागली.

यंत्राला मर्यादा पाळायला लावायच्या दोन रीती आहेत आणि त्या शिकताना मला दोन स्वभाव शिकल्यासारखं वाटलं. पहिली रीत दंडाची. यंत्राला सांगायचं, मर्यादा ओलांडलीस तर वजनात दंड मिळवला जाईल. मग यंत्र हिशेब करतं. ओलांडल्याने वीस किलो वाचत असतील आणि दंड दहा किलोचा असेल, तर ते ओलांडतं आणि दंड भरून मोकळं होतं. दंड पायरीपायरीने वाढवत नेला तर ते सीमेच्या जवळजवळ येतं, पण बहुधा बाहेरच्या बाजूने. दुसरी रीत कुंपणाची. इथे सुरुवातच आतून करावी लागते, म्हणजे पहिलं डिझाइन कितीही जड असलं तरी सगळ्या मर्यादा पाळणारं असावं लागतं. मग सीमेजवळ जाल तसा चढ उभा होत जातो आणि सीमेवर तो अनंत होतो. या रीतीने चालणारं यंत्र मध्येच कुठेही थांबवा, हातात येणारं डिझाइन अपुरं असेल पण नियमबाह्य नसेल. दंडाच्या रीतीने चालणारं मध्येच थांबवलं तर हातात येतं ते मोडणारं विमान. आयुष्य कुठे थांबेल हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून मला दुसरी रीत माणसाला अधिक शोभणारी वाटते.

महाभारतात या दोन रीतींमधली सरहद्द एका प्रसंगात दिसते. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा, असं व्यास सांगतात. सत्य हे त्याच्यापुरतं कुंपण होतं. द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचं सांगताना त्याने हत्ती हा शब्द हळूच उच्चारला, आणि रथ जमिनीला टेकला. समोर सैन्य कापलं जात होतं, कृष्णही तसंच बोलायला सांगत होता. हिशेब त्या बाजूने होता, आणि तो क्षुल्लक होता असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्या दिवशी सत्य तिसऱ्या ओळीतून उठून पहिल्या ओळीत आलं, इतर हव्या-नको गोष्टींच्या रांगेत उभं राहिलं. दंडही झाला: रथ उतरला आणि शेवटी थोडा वेळ का होईना, नरक पाहावा लागला. व्यासांनी त्याला क्षमा केली, पण रथ पुन्हा वर उचलला नाही. कुंपण एकदा दंड झालं की परत कुंपण होणं फार कठीण, हे त्यांनी दाखवून ठेवलं आहे.

या गणितातली आणखी एक गोष्ट मला कोणत्याही प्रवचनात मिळाली नाही. १९३९ साली शिकागो विद्यापीठातल्या एका प्रबंधात विल्यम कारुश यांनी आणि १९५१ साली कून व टकर यांनी उत्तम उत्तराची जी लक्षणं सांगितली, त्यांत प्रत्येक मर्यादेला एक किंमत जोडलेली असते. ती मर्यादा जराशी सैल केली तर किती फायदा होईल, ती तिची किंमत. मर्यादा आणि डिझाइन यांच्यामध्ये मोकळी जागा उरली असेल, तर किंमत शून्य. किंमत असते ती फक्त ज्या मर्यादेला डिझाइन येऊन टेकलं आहे तिची. हे वाचल्यावर मी स्वतःच्या सद्गुणांची यादी नव्या नजरेने पाहू लागले. ज्याला कुणी कधी लाच देऊ केली नाही, त्याच्या निर्लोभीपणाची किंमत अजून शून्य आहे. तो वाईट माणूस आहे असं नाही; त्याची मर्यादा अजून कामालाच लागलेली नाही. आपण कोणते नियम पाळतो हे जाणून घ्यायचं असेल, तर कोणत्या नियमापायी आपल्याला काहीतरी सोडावं लागलं, एवढंच पाहावं. एकादशीचा उपास पोट भरलेलं असताना होत नाही.

आणि मर्यादेची किंमत समजणं हे मर्यादा विकण्याचं पहिलं पाऊलही ठरू शकतं. बोइंग ७३७ मॅक्सची कथा मी याच नजरेने वाचते. जुन्या विमानाला मोठी, कमी इंधन पिणारी इंजिनं लावायची, हे उद्दिष्ट. जुनं विमान चालवणाऱ्या वैमानिकांना नव्यासाठी सिम्युलेटरवर शिकावं लागू नये, हीही एक ओळ होती. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने २०२०च्या अहवालात नोंदलं आहे, की सिम्युलेटर लागलाच तर विमानामागे १० लाख डॉलर सवलत देण्याचं साउथवेस्ट एअरलाइन्सशी ठरलं होतं. या ओळीला डॉलरमध्ये किंमत होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी जी यंत्रणा बसवली, ती एका वेळी एकाच सेन्सरवर विसंबून होती. त्या एका सेन्सरवर विसंबण्याची किंमत कुणाच्याही तक्त्यात अशी ठळक लिहिलेली नव्हती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. माझ्या मते इथे ओळींची अदलाबदल झाली. जी बाजारात उतरायला हवी होती ती सोय कुंपण बनून बसली, आणि जे कुंपण असायला हवं होतं ते तडजोडीत आलं. आकडेमोड अचूक असूनही असं होऊ शकतं, कारण कोणती गोष्ट कोणत्या ओळीत हे आकडेमोड ठरवत नाही.

यंत्राकडून मला जी शिस्त मिळाली ती न लिहिलेल्या मर्यादांची. एका रिबसाठी सॉल्व्हरने, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामने, फार सुंदर आकार दिला होता. भार जिथून वाहतो तिथे तेवढाच धातू, बाकी सगळी पोकळी. माझा तरुण सहकारी खुशीत म्हणाला, “मॅम, हा तर जवळपास फायनलच आहे.” मी त्याला रिबच्या मधल्या मोठ्या भोकाकडे बघायला सांगितलं. तिथून एक सडपातळ आडवी पट्टी गेली होती. पुढेमागे टाकी गळू लागली की रिकाम्या पंखात मेकॅनिक झोपून शिरतो, त्याच भोकातून त्याचा खांदा जायचा असतो आणि पाना धरलेला हात मागच्या नटापर्यंत पोचायचा असतो. ती पट्टी त्याला अडवत होती. मेकॅनिकला खांदे असतात, हे आम्ही यंत्राला सांगितलंच नव्हतं. सहकारी थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने एका माणसाच्या खांद्याची रुंदी तिसऱ्या ओळीत घातली. वजन जरासं वाढलं.

या शास्त्रात अशी उदाहरणं खूप आहेत. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९९८ साली दाखवलं, की पंखाचा छेद एकाच उड्डाणस्थितीसाठी उत्तम करायला सांगितला, तर यंत्र पृष्ठभागावर बारीक उंचवटे आणतं. त्या एका स्थितीत अडथळा घटतो आणि आजूबाजूच्या स्थितींत वाढतो. सांगाड्याच्या गणितात कधी धातू आणि पोकळी यांची बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते. ती खरी मजबूत नसते. आकडेमोडीच्या पद्धतीत एक त्रुटी असते, तिच्यामुळे ती मजबूत भासते, आणि यंत्र नेमकं तिथे जाऊन बसतं. यंत्र खोटं बोलत नाही. जे सांगितलं ते अक्षरशः पाळतं आणि जे सांगितलं नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वात नसतं. माणसांच्या जगात मात्र बहुतेक मर्यादा न सांगितलेल्याच असतात. त्या आपण घरात, पंगतीत, दिंडीत चालताना एकमेकांकडे पाहून उचलतो. म्हणून कोणतंही काम यंत्रावर सोपवताना मी एक प्रश्न विचारते: या खोलीत जे कोणी नाही, त्यांच्या वतीने तिसऱ्या ओळीत काय लिहिलं आहे? प्रवासी इथे नाही. मेकॅनिक नाही. धावपट्टीच्या शेजारच्या वस्तीतलं पोर नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दीडपट हा आकडा तरी कुणी ठरवला? १९३०च्या दशकात माणसांनीच, अनुभव, धातूचे गुण आणि खर्च तोलून. मग मर्यादाही शेवटी तोलूनमापूनच आली की! तिला कुंपण म्हणून पवित्र का मानायचं? शांतिपर्वात पांडव आणि विदुर याच धर्तीचा वाद घालतात. धर्म, अर्थ आणि काम यांत श्रेष्ठ कोण? विदुर धर्माच्या बाजूने बोलतो, अर्जुन अर्थाच्या, भीम कामाच्या. नकुल-सहदेव म्हणतात, आधी धर्म, मग धर्माला धरून अर्थ, त्यानंतर काम. मला त्या जुळ्यांचं उत्तर आमच्या तीन ओळींच्या सगळ्यांत जवळचं वाटतं. त्यांनी धर्माला अर्थाशी तोललं नाही. अर्थाने ज्या आवारात फिरायचं ते आवार म्हणजे धर्म, असं म्हटलं. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली हेच दुसऱ्या वाटेने मांडलं, की काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते, प्रतिष्ठा असलेल्याच्या जागी नाही.

तरी आक्षेप उरतोच, आणि माझं उत्तर असं आहे. कुंपण कुठे घालायचं हे तोलूनच ठरवावं लागतं. पण ते कोण तोलतं आणि केव्हा तोलतं, याला फार महत्त्व आहे. ज्यांना त्या निर्णयातून लगेच काही मिळायचं नाही अशांनी, उजेडात, तोवरचा अनुभव समोर ठेवून दीडपट ठरवली. एकदा ठरल्यावर, मुदत उद्यावर आलेली असताना आणि चार किलो जास्त भरत असताना, मी एकटीने रात्री ती पुन्हा तोलायची नाही. बदलायचीच असेल तर तिलाही रस्ता आहे. तो सगळ्यांसमोरून जातो. मर्यादा पवित्र असते ती आकड्यामुळे नव्हे. अनोळखी माणसाला दिलेला तो शब्द असतो, आणि ज्याला शब्द दिला तो आत्ता समोर नाही म्हणून तो मोडायचा नसतो.

हे सगळं आज का बोलायला हवं, त्याचं कारण सांगून थांबते. गणकपट्टीवर विमानं आखली जात, तेव्हा अभियंत्यांना भार नेमका कुठून वाहतो हे पुरतं कळत नसे. म्हणून ते जिथे शंका तिथे धातू वाढवत. त्या काळच्या कित्येक विमानांत कुणी न मागितलेली ताकद शिल्लक होती. ती अज्ञानातून आली होती, पण प्रवाशाला तिचा आधार होता. लिहायला विसरलेली एखादी मर्यादा त्या जादा धातूत आपोआप सांभाळली जायची. आमच्या पद्धती जशा तीक्ष्ण होत गेल्या, तशी ही शिल्लक आम्ही तासून काढली. ते योग्यच झालं, कारण प्रत्येक फुकट किलोमागे आकाशात धूर सोडला जातो. पण त्याचा अर्थ असा, की आता विमानात नेमकं तेवढंच उरतं जेवढं आम्ही लिहून दिलं. तीच तासणी आता इस्पितळांच्या खाटांना, शाळांच्या वेळापत्रकांना, कामगारांच्या पाळ्यांना लागू होते आहे. तिथेही जुन्या ढिसाळपणात कुणाकुणाला श्वास घ्यायला जागा होती आणि ती आता तासली जाणार आहे. म्हणून या विद्येच्या विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला शिकवण्याआधी तिसरी ओळ लिहायला शिकवावं. ती लिहिणाऱ्याने खाली स्वतःचं नाव घालावं, आणि ती ओळ सैल करायची वेळ येईल तेव्हा त्या नावाच्या माणसाला सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगावं लागावं. यंत्र कितीही वेगवान झालं तरी हे काम त्याच्याकडे जाणार नाही. ते आपलं आहे आणि ते आपणच करायचं आहे.